घाटात ब्रेकचं पेडल खाली गेलं. आता एक गॅरेज म्हणतं सगळं बदला, दुसरं म्हणतं काहीच झालं नाही. खरं कसं ओळखायचं?

मुक्ता_प
२ जून, रात्री १०:१५

नमस्कार. इथला माझा पहिलाच धागा आहे, आणि लांबलाय. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होतो. गाडीत मी, आई-बाबा, नऊ वर्षांची लेक आणि डिकी भरून सामान, कारण पुढे दापोलीला आठवडाभर मुक्काम होता. पेट्रोलची हॅचबॅक, सहा वर्षांची, ५८,००० किमी झालेली. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. निम्मा घाट उतरल्यावर वास यायला लागला. आई म्हणाली, कुठेतरी रबर जळतंय. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल.

मग एका वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. ओल्या स्पंजवर पाय ठेवावा तसं खाली खाली जात राहिलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडंसं लागलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी उभी केली. बाबांनी उतरून चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती, उजवं त्यामानाने बरंच गार होतं. पाऊण तासाने पेडल आपोआप घट्ट झालं आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत खाली आलो.

पुण्यात परतल्यावर दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या ठिकाणी चाक न काढताच ३८,५०० रुपयांचा अंदाज हातात दिला: चारही डिस्क-ड्रम, पॅड, लायनर, मास्टर सिलेंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा). दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने अंगणात एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेक एकदम ओके. घाटात होतं असं."

दोघांवरही माझा विश्वास बसत नाहीये. त्या गाडीत पुन्हा लेकीला बसवायचं आहे मला. नेमकं काय झालं असेल, आणि ब्रेकचं काम नीट करणारा माणूस ओळखायचा कसा?


वळणवाट
२ जून, रात्री १०:३१

सगळे सुखरूप आहात, हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी डोंगराच्या बाजूला घेतलीत, गिअर उतरवलात, हँडब्रेक एकदम ओढला नाहीत. तिन्ही गोष्टी बरोबर केल्यात. नेमकं कारण कळेपर्यंत ती गाडी जवळपाससुद्धा चालवू नका.


पाना_दहाचा
२ जून, रात्री ११:०८

मुक्ताताई, कराडला माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. गाडी न बघता छातीठोक सांगणार नाही, पण तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आहे.

पेडल स्पंजासारखं झालं आणि गार झाल्यावर परत आलं, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. आपण ऑइल म्हणतो खरं, पण ते तेल नव्हे. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाझर फुटतो तसं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा नवा डबा फोडला तर त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की किमान १५५ वर येतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. चाक तापलं की कॅलिपरमधलं, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्यातलं, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय त्या बुडबुड्यांवर पडला होता. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं, म्हणून पेडल आलं. आणि म्हणूनच अंगणात चक्कर मारणाऱ्याला "सगळं ओके" दिसलं. त्याने थंड गाडी तपासली.

आता दोन प्रश्न. एक, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? भर घातली ते नाही, पूर्ण बदललं कधी? दोन, गाडी सरळ रस्त्यावर डावीकडे ओढते का? एक चाक जास्त गरम, ही गोष्ट मला खटकते.


दर्यावर्दी
२ जून, रात्री ११:४०

"घाटात होतं असं" म्हणणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. आम्ही गुहागरची माणसं, कुंभार्ली घाट महिन्यातून दोनदा चढतो-उतरतो. होत नाही असं.


निळाई
३ जून, सकाळी ७:२०

मी काही मेकॅनिक नाही, भौतिकशास्त्र शिकवते. ब्रेक तापतात म्हणजे किती तापतात, याचा एक हिशेब मुलांना घालते तो इथे मांडते.

माणसं-सामान धरून गाडी १,३०० किलो धरू. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, पोलादपूर पायथ्याला. उतार १,२०० मीटर धरला तर जवळपास १५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्या ऊर्जेत ५० लिटरहून जास्त पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत येईल. म्हणजे आजीच्या बंबात दोन-तीनदा पाणी तापवल्यासारखं. यातलं काही वारा खातो, काही टायर. उरलेली वाटणी इंजिन आणि ब्रेक यांच्यात होते, आणि ती कशी करायची हे तुमच्या हातातल्या गिअरवर असतं. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन फारसं काही घेत नाही. सगळा भार चार चाकांवर, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कवर येतो.


मुक्ता_प
३ जून, सकाळी ९:०५

@पाना_दहाचा दादा, सर्व्हिसची सगळी बिलं काढून बसले. सहा वर्षांत "ब्रेक ऑइल टॉप-अप" तीनदा लिहिलंय. बदलल्याचं एकदाही नाही.

आणि हो, गाडी डावीकडे ओढते! सात-आठ महिने झाले. त्यासाठी दोनदा अलाइनमेंट करून घेतली. दोन्ही वेळा थोडा फरक पडल्यासारखा वाटला आणि परत तेच. ब्रेकशी त्याचा संबंध असेल हे कधी मनातच आलं नाही.

@निळाई तुमचा हिशेब बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, तरी दगड लावताना हात भाजला होता!


पाना_दहाचा
३ जून, दुपारी १:५०

मग जवळजवळ नक्की. डाव्या कॅलिपरच्या पिना जाम असणार किंवा पॅड ढकलणारा पिस्टन परत जात नसणार. कॅलिपर दोन पिनांवर सरकायला हवा. पिनेचं रबर फाटलं की पाणी-धूळ आत जाते, ग्रीस सुकतं, पिन गंजते. मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटून राहतो. गाडी त्या बाजूला ओढते, ॲव्हरेज कमी होतं, चाक तापतं. घाटात ते डावं चाक आधीपासूनच तापत आलेलं, त्यात सहा वर्षांचं ओलं ऑइल.

टॉप-अपबद्दल सगळ्यांनाच सांगतो. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि डब्यातली पातळी हळूहळू उतरते. ती पातळी म्हणजे तुमच्या पॅडचं मोजमाप आहे. कमी दिसली म्हणून कोणी भर घातली तर तो निरोप पुसला जातो. पातळी उतरली तर आधी पॅड बघायचे. पॅड चांगले असतील तर गळती शोधायची: चाकाच्या आतल्या बाजूला ओल, व्हील सिलेंडर, होजपाइप, मास्टर सिलेंडरच्या मागची बाजू. एकदम पातळी उतरली तर गाडी जागची हलवायचीच नाही.

ऑइल दर दोन वर्षांनी बदला. किलोमीटर कमी झाले तरी. ते चालवून नाही, हवेने खराब होतं.


चारचाकी_चंदू
३ जून, दुपारी ३:१२

वेगळं मत मांडतो. उतारावर इंजिनाने गाडी रोखायची हे सगळे सांगतात, पण पॅड दोन हजारांचे आणि क्लच बारा-पंधरा हजारांचा. इंजिन-क्लचला ताण कशाला द्यायचा? मी घाट ब्रेकवरच उतरतो, पॅड वेळेवर बदलतो. आजवर काही झालं नाही. थोडा सरळ उतार असेल तर न्यूट्रलही करतो, पेट्रोल वाचतं.


वळणवाट
३ जून, दुपारी ३:४०

चंदूभाऊ, दोन्ही चुकीचं आहे, आणि हे मी तुमच्या काळजीने लिहितोय.

क्लच झिजतो तो घसरताना. गिअर टाकून पाय पूर्ण काढलात की क्लच घट्ट बसलेला असतो, तो झिजत नाही. पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन तोडलंच जातं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन जळत राहतं. म्हणजे पेट्रोलही जास्त आणि ब्रेकवर सगळा भार.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आठवा. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मालवाहू ट्रकने तिथे ४८ गाड्यांना ठोकरलं. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. माझा भाऊ त्या गर्दीत शंभरेक मीटर मागे होता. घरी आल्यावर तासभर बोलला नाही. "उतारावर न्यूट्रल" हे शब्द ऐकले की मला तो सोफ्यावर बसलेला दिसतो.


चारचाकी_चंदू
३ जून, संध्याकाळी ६:०२

इंधनाचं खरंच माहीत नव्हतं. न्यूट्रल बंद आजपासून.


ऋता
३ जून, रात्री ८:२५

ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचं? माझ्याकडे पी, आर, एन, डी आणि एस आहे. मी नेहमी डी वरच असते.


वळणवाट
३ जून, रात्री ८:५१

एस किंवा एल, नाहीतर हाताने गिअर बदलायची सोय असेल तर ती वापरा आणि खालचा गिअर धरून ठेवा. उतार सुरू व्हायच्या आधीच. ज्या गिअरने तो घाट चढावा लागेल त्याच गिअरने उतरायचं. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांनी आम्हाला असंच शिकवलं. ब्रेक मारायचा तो नीट, थोडा वेळ, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा. पाय नुसता टेकवून ठेवू नका, तेवढ्यानेच डिस्क भाजते.


आजोबा_७४
४ जून, सकाळी ६:१०

आमच्या वेळी ट्रकबरोबर क्लीनर असायचा. घाटात गाडी थांबली की उतरून चाकाला दगड-लाकडाची उटी लावायची, हे त्याचं पहिलं काम. मुक्ता, तुझ्या बाबांनी न सांगता दगड लावले ना, त्यांना माझा नमस्कार सांग.

एक सूचना. घाटात तापलेल्या चाकांवर बाटलीतलं पाणी ओतणारे लोक दर मोसमात दिसतात. ओतू नये. लाल तापलेल्या तव्यावर पाणी मारलं की तवा वाकतो. डिस्कचंही तेच, वाकते किंवा तडकते. सावलीत उभी करा, गिअरमध्ये ठेवा, उटी लावा, चहा घ्या.


मुक्ता_प
४ जून, सकाळी ८:३०

आजोबा, बाबा खूश झाले. ते निवृत्त एसटी कर्मचारी आहेत, कार्यशाळेत होते. दगडांचं त्यांना सांगावं लागलं नाही!


दर्यावर्दी
४ जून, सकाळी ११:१५

कोकणातल्या गाड्यांचं थोडं वेगळं असतं, ते लिहितो. आमच्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस. गाडी दोन दिवस उभी राहिली तरी डिस्कवर तांबूस थर चढतो आणि पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्रर्र आवाज येतो. तो घासून निघून जातो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण पाच-दहा किलोमीटर चालवूनही आवाज गेला नाही तर चाक उघडा.

दुसरं, गणपतीत गाडी घेऊन येणारे पाहुणे हँडब्रेक ओढून गाडी आठ दिवस पावसात ठेवतात. मागचे लायनर ड्रमला गंजून धरतात. निघायच्या दिवशी गाडी हलेना, की मग ॲक्सिलरेटर देऊन ओढतात आणि लायनरच उपटतो. सपाट जागी असाल तर गिअरमध्ये टाका, चाकाला वीट लावा, हँडब्रेक सोडा.

तिसरं, पाण्यातून गाडी काढल्यावर हलकेच दोन-तीनदा ब्रेक मारून सुकवा. ओला ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाही.


निशांत_स्टुटगार्ट
४ जून, दुपारी २:४५ (भारतीय वेळ)

इथे जर्मनीत नवी मोटार तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी तपासणीला न्यावीच लागते. चाकं रोलरवर ठेवतात, ब्रेक दाबायला सांगतात आणि डाव्या-उजव्या चाकाची पकड काट्यावर वेगवेगळी दिसते. मुक्ताताईंची गाडी त्या रोलरवर पहिल्या मिनिटाला पकडली गेली असती. घाटात कळायची वेळच आली नसती.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मधल्या काळात पीयूसीला जाता तेव्हा धूर बघतात, ब्रेक कोणी बघत नाही. माझ्या नाशिकच्या आईची गाडी मी दर सुट्टीत स्वतः घेऊन जातो ती एवढ्यासाठीच.


पाना_दहाचा
४ जून, रात्री ९:३०

निशांतदादांशी सहमत. तशी तपासणी इथे येईपर्यंत आपणच आपली तपासणी. घरी बसल्या काय कळतं ते लिहितो, गॅरेजमध्ये आठवड्याला दहा जणांना हेच सांगतो.

ब्रेक दाबल्यावर बारीक, शिटीसारखी चिरचिर येत असेल तर बहुतेक पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला लागतेय. पॅड संपत आल्याची सूचना द्यायलाच ती बसवलेली असते. मागे एक गिऱ्हाईक आले होते. तीन महिने चिरचिर येत होती, त्यांनी गाण्यांचा आवाज वाढवला. आले तेव्हा लोखंडावर लोखंड घासून डिस्कला बोट जाईल एवढी चर पडली होती. दोन हजारांचं काम नऊ हजारांवर गेलं. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा.

जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करत असेल आणि ते फक्त ओल्या किंवा वाळूच्या रस्त्यावर, तर ते एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तसंच व्हायला हवं, पाय काढू नका. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे, पण ते काम करताना कसं लागतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि घाबरून पाय उचलतात. मात्र कोरड्या रस्त्यावर सत्तर-ऐंशीच्या वेगात साधा ब्रेक मारला तरी स्टिअरिंग थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही.

हँडब्रेक सात-आठ टिचक्यांवर जायला लागला तर मागचं काम निघालं. आणि एबीएसचा किंवा लाल ब्रेकचा दिवा लागून राहिला तर वाट बघू नका.


ऋता
५ जून, सकाळी १०:२०

डिस्क खरडली तर लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घ्यायची की नवी टाकायची? मला दोन जणांनी दोन गोष्टी सांगितल्या.


पाना_दहाचा
५ जून, दुपारी १२:०५

डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते, "एमआयएन टीएच" अशा अक्षरांपुढे. फेस मारल्यानंतर उरलेली जाडी त्याहून कमी होत असेल तर नवी. बारीक डिस्क लवकर तापते. जाडी पुरेशी असेल तर फेस मारायला हरकत नाही, पण दोन्ही बाजूंच्या डिस्कला. पॅडही जोडीनेच बदलायचे, एका चाकाचे कधीच नाही.


वळणवाट
५ जून, दुपारी १२:४०

आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे यायला हवं. कारागीर कसा ओळखायचा? माझी स्वतःची परीक्षा एकच: चाक काढून, मोजून, दाखवून मग आकडा सांगतो का? पहिल्या गॅरेजने चाक न काढता ३८,५०० सांगितले. त्या माणसाला बूस्टर खराब आहे हे कशावरून कळलं?


तेजस्विनी_को
५ जून, दुपारी ४:१८

बाईमाणूस गाडी घेऊन गेलं की आकडा वाढतो, हा माझा कोल्हापूर आणि मुंबई दोन्हीकडचा अनुभव आहे. मी आता काय करते ते सांगते. जुने भाग परत द्या म्हणून आधीच सांगते. नवा डबा माझ्यासमोर उघडायचा. पॅडच्या खोक्यावरची किंमत, भाग क्रमांक, होलोग्राम बघते आणि फोटो काढते. बिल जीएसटीचं, त्यावर कंपनीचं नाव. सुरुवातीला दोन ठिकाणी तोंड वाकडं केलं. तिसऱ्या ठिकाणचे काका म्हणाले, "बसा की, खुर्ची आणतो." गेली सहा वर्षं मी त्यांच्याकडेच जाते.


दर्यावर्दी
५ जून, संध्याकाळी ५:०५

"खुर्ची आणतो" हेच लक्षण.


पाना_दहाचा
५ जून, रात्री १०:१०

तेजस्विनीताई, तुमच्या काकांना ओळखत नाही, पण माणूस चांगला आहे.

आमच्या बाजूचंही थोडं लिहितो. ब्रेकचं काम नीट करायला वेळ लागतो. पिना काढायच्या, घासायच्या, त्यांचंच खास ग्रीस लावायचं, साधं ग्रीस चालत नाही, रबर फुगतं. पिस्टनचं रबर बघायचं. हबवरचा गंज साफ करायचा, नाहीतर नवी डिस्क तिरकी बसते आणि महिन्यात स्टिअरिंग हलतं. ऑइल बदलून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळायचे. याला दोन-अडीच तास जातात. "अर्ध्या तासात पॅड टाकून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की पुष्कळ ठिकाणी नुसते पॅड सरकवतात आणि पिनेला कोणी हात लावत नाही. मुक्ताताईंच्या गाडीचं असंच झालेलं असणार. मजुरीत घासाघीस करू नका, सुट्या भागांच्या दर्जात तर मुळीच नको.

आणि ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवणारा दिसला तर थांबवा. जुन्या, स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ तो स्वतःच छातीत घेत असतो. माझ्या वस्तादांना शेवटी दम लागायचा, जिना चढवत नव्हता. मी पोरांना ओल्या फडक्याने किंवा क्लीनरच्या फवाऱ्याने पुसायला लावतो.


मुक्ता_प
१६ जून, रात्री ९:५५

उशीर झाला, पण पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

सिंहगड रोडवर बाबांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं छोटं गॅरेज आहे. वेळ ठरवून सकाळी नऊला गेलो, बाबा आणि मी. खुर्ची मागायच्या आत दोन स्टुलं आली. मी मनात दर्यावर्दींना नमस्कार केला.

त्याने आधी काहीच उघडलं नाही. चारही चाकं उचलून हाताने फिरवून बघितली. तीन मोकळी फिरली, पुढचं डावं अर्धा फेरा घेऊन थांबलं. मला म्हणाला, "ताई, तुम्ही फिरवा." दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. सात-आठ महिने माझं इंजिन हे ओढत होतं.

चाक काढल्यावर खालची पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. बाहेर आली तेव्हा निम्मी तांबडी, निम्मी काळी. रबराला बारीक चीर होती, नखाएवढी. त्या बाजूचा आतला पॅड २ मिमी उरला होता आणि बाहेरचा ६. एकाच चाकातले दोन पॅड! उजवीकडे दोन्ही साडेपाच. डिस्कवर किमान जाडी १८ मिमी कोरलेली, मोजली तर १९.४, त्यामुळे डिस्क ठेवल्या. मागचे लायनर नुसते साफ करून जुळवून दिले. ऑइल काढलं ते चहासारखं होतं, बाटलीत भरून मला दाखवलं. नव्याचा रंग शेजारी धरला तर फिकट मधासारखा.

मास्टर सिलेंडर आणि बूस्टर दोन्ही ठणठणीत. म्हणजे ३८,५०० मधले बहुतेक पैसे चांगल्या वस्तू फेकून द्यायचे होते.

बिल: पॅड १,९५०, पिना-रबरांचा संच ४५०, ब्रेक ऑइल ६४०, मजुरी १,५००. एकूण ४,५४०. निघताना म्हणाला, पहिले दोन-तीनशे किलोमीटर अगदी कचकन ब्रेक मारू नका, पॅड-डिस्क एकमेकांना बसू द्या. गाडी खाली उतरवल्यावर स्वतः पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून दिलं, मगच चावी हातात दिली.

काल ताम्हिणीने कोलाडला जाऊन आलो. उतारावर दुसरा गिअर. थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, लेकीनेही बघितला. सगळी सारखी कोमट. गाडी डावीकडे ओढत नाही, मीच सवयीने स्टिअरिंग उजवीकडे धरते आहे.


निळाई
१६ जून, रात्री १०:२०

"चारही सारखी कोमट" वाचून फार बरं वाटलं. आतल्या-बाहेरच्या पॅडचा फोटो असेल तर टाकाल का? वर्गात दाखवेन.


पाना_दहाचा
१६ जून, रात्री १०:४५

त्या पोराने तुमच्याकडून चाक फिरवून घेतलं, तिथेच मी त्याला मानलं. हजारेक किलोमीटरनंतर पिनेचं रबर एकदा बघून घ्या. पुढचं ऑइल दोन वर्षांनी जूनमध्ये, तारीख डब्याच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा.


सावली_२१
१७ जून, रात्री ८:१०

धागा वाचून काढला. माझ्या गाडीचं उलटंच झालंय. आज संध्याकाळपासून पेडल दगडासारखं कडक आहे, पूर्ण जोर लावला तरी गाडी हळूहळू थांबते. हे चालेल का? उद्या सकाळी पुण्याला निघायचंय.


पाना_दहाचा
१७ जून, रात्री ८:१८

लगेच हे करा. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा. मग दाबून धरा आणि तसंच धरून इंजिन चालू करा. पेडल पायाखाली जरासं खाली गेलं तर बूस्टरला इंजिनाकडून निर्वात (हवेची ओढ) मिळतोय. जागचं हललं नाही तर मिळत नाही. काय होतं ते लिहा.


सावली_२१
१७ जून, रात्री ८:२९

केलं. दोनदा केलं. हललं नाही. इंजिन चालू असताना पुढून सूं सूं आवाजही येतोय.


पाना_दहाचा
१७ जून, रात्री ८:३३

बूस्टरची नळी फाटली असेल किंवा आतला पडदा गेला असेल. नळी असेल तर थोडक्यात काम होईल. पण गाडी अजिबात चालवू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. माणूस गाडीपाशी बोलवा. कुठे आहात?


सावली_२१
१७ जून, रात्री ८:३५

चिपळूण. इथे ओळखीचं कोणी नाही, लग्नाला आलो होतो.


दर्यावर्दी
१७ जून, रात्री ८:४१

मी उद्या सकाळी चिपळूणला येतोच आहे. येताना आमचा मेकॅनिक सोबत घेतो. गाडीचं मॉडेल आणि साल व्यनि करा, म्हणजे तो नळी इथूनच घेऊन येईल. कुंभार्ली घाट आहे पुढे, घाई करू नका.